ड्रॅक्युलाची तलफ

दिवाळीच्या दिवसांत, अंगणात पणत्या तेवत असताना आणि चकलीचा दुसरा घाणा कढईतून निघत असताना, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची गोष्ट काढणे हा औचित्यभंग आहे, असे कुणी म्हणेल. पण भुताखेतांच्या गोष्टींना आपल्याकडे सणावाराचे वावडे कधीच नव्हते. उलट घरात पाहुणे जमले, दिवे मालवले गेले आणि मुले पांघरुणात शिरली, की आजोळची एखादी वडीलधारी हमखास चिंचेवरल्या मुंजावर येई. शिवाय ज्या पिशाच्चाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याची भीती वाटण्यापेक्षा कीव येण्याचाच संभव अधिक. काळ्या झग्यातला, टोकदार सुळ्यांचा तो ड्रॅक्युला पाश्चात्त्य चित्रपटांनी घरोघर पोहोचवला हे खरे. परंतु त्याच चित्रपटांतून, गेली नव्वदएक वर्षे, हा रक्तपिपासू एक व्यसनी माणूस म्हणूनही वावरत आला आहे. राक्षस म्हणून त्याची जेवढी ख्याती झाली, तेवढी रोगी म्हणून झाली नाही, इतकेच.

मुळात हा प्राणी असा नव्हता. अठराव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली आलेल्या सर्बियातील काही खेड्यांत, मेलेली माणसे रात्री उठून जिवंतांचे रक्त शोषतात, अशी हाकाटी झाली. १७२५ साली एका गावात आणि १७३१-३२ साली दुसऱ्या गावात थडगी उकरण्यात आली, प्रेतांच्या छातीत खुंट्या ठोकण्यात आल्या, आणि सरकारी अंमलदारांनी व लष्करी वैद्यांनी या सर्वाचे सहीशिक्क्यानिशी अहवाल वर धाडले. त्या अहवालांतला 'व्हँपायर' म्हणजे फुगल्या पोटाचा, तांबारल्या चेहऱ्याचा एक साधा खेडूत आहे. त्याला ना गढी, ना झगा. पुढे १७५५ मध्ये महाराणी मारिया थेरेझाने आपला राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून या प्रकरणाची छाननी करविली आणि प्रेतांची असली विटंबना करण्यास बंदी घातली. सरकारी कागदातून पिशाच्च गेले ते वाङ्मयात शिरले. बायरनचा तरुण वैद्य जॉन पॉलिडोरी याने १८१९ साली छापून आलेल्या आपल्या कथेत त्या खेडुताला एकदम उमराव केले. आणि १८९७ साली ब्रॅम स्टोकर या आयरिश गृहस्थाने त्या उमरावाला ट्रान्सिल्व्हानियात गढी बांधून दिली.

स्टोकर हा लंडनच्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक, सर हेन्री आयर्व्हिंग या थोर नटाचा उजवा हात. त्याच्या परिचयाच्या मंडळींत रिचर्ड बर्टन हा अवलिया प्रवासीही होता. मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेल्या या बर्टनने आपल्या वेताळपंचविशीतील कथा १८७० मध्ये इंग्रजीत उतरविल्या आणि वेताळाला सरळ 'व्हँपायर' म्हटले. बिचाऱ्या वेताळावर हा अन्यायच होता. झाडाला लोंबकळणे, राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणे आणि उत्तर मिळताच परत झाडावर पळणे, यापलीकडे त्याला छंद नाही. कोकणात आणि गोव्यात तर गावोगाव त्याची देवळे आहेत आणि तो राखणदार म्हणून पुजला जातो. त्याला रक्ताची तलफ येत नाही. गंमत अशी, की स्टोकरने पुढे लिहिलेल्या आठवणींत बर्टनच्या कथांपेक्षा बर्टनच्या सुळ्यांचेच वर्णन अधिक ठसठशीत उतरले आहे!

स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला व्यसनी नाही. तो शिकारी आहे. व्यसन आहे ते त्याच्या आसपासच्या माणसांत. वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख डॉक्टर सेवर्ड झोप येईना म्हणून क्लोरल घ्यावे की काय, या विचारात पडतो आणि त्याची सवय जडेल म्हणून स्वतःलाच बजावतो. त्याच इस्पितळात रेनफील्ड नावाचा वेडा आहे. तो आधी माशा खातो, मग माशा घालून पोसलेले कोळी, मग कोळी घालून पोसलेल्या चिमण्या, आणि मग डॉक्टरांकडे मांजराच्या पिलाची मागणी करतो. मात्रा कशी वाढत जाते याचे इतके नेमके टिपण त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांतही विरळाच असेल. आणखी एक गोष्ट स्टोकरने लोककथेच्या परंपरेतून उचलून पक्की केली: घरातल्या कुणी आत बोलावल्याखेरीज पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही. पहिल्या खेपेस दार आपणच उघडावे लागते. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' ज्या मराठी माणसाने पाहिला किंवा वाचला आहे, त्याला या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ही सारी सामग्री बोलपटांच्या हाती आली ती १९३१ साली, टॉड ब्राउनिंगच्या 'ड्रॅक्युला'बरोबर. त्यापूर्वी १९२२ चा मुर्नोचा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू' येऊन गेला होता. परंतु तो परवानगीवाचून काढलेला, म्हणून स्टोकरच्या विधवेने फिर्याद केली आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम न्यायालयाने दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो. ब्राउनिंगच्या बोलपटात हंगेरियन नट बेला लुगोसी याने ड्रॅक्युला उभा केला. त्याला सुळे नाहीत, पडद्यावर रक्ताचा सडाही पडत नाही. आहे तो फक्त आवाज, डोळे आणि पाहुण्याला मद्य ओतून देऊन स्वतः मात्र घेत नाही म्हणून सांगणारा तो यजमान. या लुगोसीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

व्यसनाची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते १९३६ साली, 'ड्रॅक्युलाज डॉटर' या चित्रपटात. दिग्दर्शक लॅम्बर्ट हिलियर. चित्रपट फार मोठा नाही, त्याचा बोलबालाही फारसा झाला नाही. पण मला स्वतःला तो ब्राउनिंगच्या ड्रॅक्युलापेक्षा सरस वाटतो. काउंटेस झालेस्का ही ड्रॅक्युलाची लेक. बापाचा अंत झाल्याचे कळताच ती त्याचे प्रेत पळवून आणते आणि धुक्यात एका माळावर चिता रचून त्याला अग्नी देते. बाप जळला म्हणजे आपली सुटका झाली, अशी तिची समजूत. घरी येऊन ती पियानोशी बसते. आता आपण साध्या बायकांसारखे जगू, अशा आनंदात तिची बोटे एक जुने अंगाईगीत छेडू लागतात. पण शेजारी तिचा नोकर सँडर उभा आहे. ती एकेक कोवळी गोष्ट बोलते आणि तो तिला प्रत्येक वेळी अंधाराची, कुत्र्यांच्या विव्हळण्याची, वटवाघळांच्या पंखांची आठवण करून देतो. हळूहळू सुरावटच बदलते. थोड्याच वेळात झगा खांद्यावर घेऊन ती रात्री बाहेर पडलेली असते. सँडर हा तिचा तळीराम आहे. सुधाकराला जसा तळीराम सोडीत नाही, तसा तिला हा सोडीत नाही. कारण ती सुटली तर त्याला कबूल केलेले अमरत्व बुडते.

तरीही ती प्रयत्न सोडीत नाही. एका मेजवानीत तिला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर गार्थ भेटतो, आणि मनावरचे कसलेही दडपण उपचाराने दूर होते, असे त्याचे बोलणे ऐकून तिला आशा वाटू लागते. आपला आजार काय तो ती उघड सांगू शकत नाही. डॉक्टर दारुड्यांचे उदाहरण देतो: दारू सोडू पाहणाऱ्याला मद्याच्या बाटलीबरोबर एका खोलीत ठेवावे आणि मोहाशी समोरासमोर झुंजू द्यावे. सल्ला ऐकायला शास्त्रीय. काउंटेस तो इमानेइतबारे पाळते. ती चित्रकार आहे. सँडर रस्त्यावरून एका उपाशी, जिवाला कंटाळलेल्या मुलीला चित्रासाठी बसावयाला म्हणून घेऊन येतो. काउंटेस तिला ऊब देते, खायला-प्यायला देते, आणि मग समोर बसलेल्या त्या मुलीच्या गळ्याकडे पाहता पाहता तिचा निश्चय ढासळतो. मुलगी इस्पितळात मरते. डॉक्टरचा उपाय डॉक्टरच्या अंगाला काही लागत नाही. तो लागतो त्या रस्त्यावरच्या पोरीला.

याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यातील ॲक्रन गावी एक शेअर-दलाल आणि एक शल्यवैद्य असे दोन मद्यासक्त एकत्र आले होते आणि त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. एकट्याने बाटलीसमोर बसून मर्दुमकी गाजविण्याऐवजी चारचौघांसमोर आपली हतबलता कबूल करावी, हा तिचा मार्ग गार्थच्या अगदी उलट आहे. काउंटेसला तो कुणी दाखविला नाही.

आता प्रश्न असा, की व्यसनाविषयी सांगावयाचे तर ते पिशाच्चाच्या तोंडून कशाला? याचे एक उत्तर अगदी व्यावहारिक आहे. हॉलिवूडने १९३० मध्ये स्वतःवर लादून घेतलेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आणलेली एक नीतिसंहिता होती. तिच्यानुसार अमली पदार्थांचा चोरटा व्यापार पडद्यावर दाखविण्यास मज्जाव होता. दारूदेखील कथानकाला अवश्य असेल तेवढीच. मॉर्फीनची सुई दाखविता येत नसे, पण मानेवरचे दोन व्रण दाखविता येत. थरथरणारे हात, निस्तेज चेहरा, दिवसाचा तिटकारा, रात्रीची घालमेल, आप्तांशी खोटे बोलणे, आणि आरशात पाहावे तो समोर कुणीच नसणे, हे सगळे पिशाच्चाच्या नावावर खपून जाई. हा बांध फोडला ऑटो प्रेमिंजरने. १९५५ साली त्याने 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' हा हेरॉइनच्या व्यसनावरचा चित्रपट संहितेची मान्यता न घेताच प्रदर्शित केला. व्यसनी नायकाचे काम फ्रँक सिनात्राने केले. पुढच्याच वर्षी संहितेतले ते कलम सैल करावे लागले. त्याच वर्षी, १९५६ मध्ये, अमेरिकेच्या वैद्यक मंडळाने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले.

या दोन वर्षांच्या मधोमध बेला लुगोसीची हकिकत येते, आणि तिच्यापुढे पडद्यावरची कुठलीही गोष्ट फिकी पडते. १८८२ मध्ये त्या वेळच्या हंगेरीतील लुगोश गावी जन्मलेला हा नट. गावाच्या नावावरूनच त्याने आपले आडनाव घेतले. १९२७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याने ड्रॅक्युला वठविला, चार वर्षांनी पडद्यावर, आणि मग ती भूमिका त्याच्या अंगाला अशी चिकटली की दुसरे काम मिळणे कठीण झाले. गंमत म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटांत त्याने ड्रॅक्युला म्हणून काम केले ते फक्त दोनदाच, दुसऱ्यांदा १९४८ मध्ये, आणि तेही एका विनोदी जोडगोळीच्या चित्रपटात. पायात कळा मारणाऱ्या शिरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्याला मॉर्फीन दिले. दुखणे राहिले, मॉर्फीनही राहिले. कामे हलकी होत गेली, संसार मोडला, पैसा संपला. अखेर १९५५ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तो आपल्या पायांनी अधिकाऱ्यांकडे गेला आणि आपल्याला इस्पितळात ठेवा म्हणून त्याने विनंती केली. कॅलिफोर्नियातील नॉरवॉक येथील सरकारी इस्पितळात त्याने सुमारे तीन महिने काढले. त्या काळी नटमंडळी असली गोष्ट प्राणपणाने लपवीत. लुगोसीने वार्ताहरांना बोलावून घेतले. त्या वेळची छायाचित्रे पाहवत नाहीत: तोच भव्य माथा, तेच डोळे, आणि खाली नुसता हाडांचा सापळा. ज्याला आपण कधी भेटलोही नव्हतो त्या सिनात्राने आपली विचारपूस केली, मदत केली, असे लुगोसीने नंतर सांगितले. सिनात्रा त्याच वर्षी पडद्यावर व्यसनी माणूस रंगवीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या हकिकतीला वेगळाच रंग चढतो.

लुगोसी बरा होऊन बाहेर आला, त्याने नवे लग्नही केले, आणि एका वर्षाच्या आत, १६ ऑगस्ट १९५६ रोजी, हृदयविकाराने गेला. त्याच्या आधीच्या पत्नीने आणि मुलाने त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरले. त्याच्या अखेरच्या दिवसांवर टिम बर्टनने १९९४ मध्ये 'एड वूड' हा चित्रपट फार हळुवारपणे दिग्दर्शित केला आहे, आणि त्यातील लुगोसीच्या कामासाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले. खुद्द लुगोसीच्या वाट्याला तसले काही आले नव्हते.

मधल्या काळातल्या इतर चित्रपटांचा विस्तार करण्याचे कारण नाही. १९४५ च्या 'हाउस ऑफ ड्रॅक्युला'त काउंटसाहेब स्वतःच एका डॉक्टरांच्या दारात येऊन आपला आजार बरा करा म्हणतात. डॉक्टर त्यांच्या रक्तात जंतू शोधून काढतो, स्वतःचे रक्त देऊ करतो, आणि पाहुणा मोहाला बळी पडून उलट आपलेच रक्त डॉक्टरांच्या अंगात सोडतो. १९५७ च्या 'द व्हँपायर'मध्ये एका गावातील सज्जन डॉक्टरला त्याची लहान मुलगी डोकेदुखीच्या गोळीऐवजी चुकून वटवाघळांवरील संशोधनातल्या गोळ्यांतली एक देते. झाले! पुढे गोळीवाचून त्याला राहवत नाही. राक्षसाचे सोंग हास्यास्पद आहे, पण औषधाच्या बाटलीकडे जाणारा तो हात अजिबात हास्यास्पद नाही. आणि १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला'त डॉक्टर व्हॅन हेल्सिंगच्या भूमिकेतील पीटर कुशिंग फोनोग्राफपुढे बसून आपली टिपणे सांगतो, त्यात तो साफ म्हणून जातो, की पिशाच्चाच्या तावडीत सापडलेल्यांना त्याचा मनातून तिरस्कार वाटतो, तरी ती सवय सोडविता येत नाही. मादक औषधांच्या व्यसनासारखेच हे आहे. बावीस वर्षे आडून आडून बोलले जात होते ते उघड्यावर आले. संहिताही तोवर सैल झाली होतीच.

मग आता रूपकाची गरज काय उरली? उरली, कारण तोवर व्यसनाला केवळ रोग किंवा पाप म्हणून भागेनासे झाले होते. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरविले आणि त्या युद्धात तुरुंग भरले ते प्रामुख्याने गोरगरिबांनी आणि काळ्यांनी. अशा वेळी बिल गन या कृष्णवर्णीय नाटककाराकडे काही निर्माते आले. 'ब्लॅक्युला' या १९७२ च्या चित्रपटाने बराच गल्ला जमविला होता. तसलाच एक स्वस्तात काढून द्या, अशी त्यांची मागणी. गनने होकार दिला आणि १९७३ मध्ये काढला तो 'गांजा अँड हेस'. चित्रपटात पिशाच्च हा शब्दच कुणी उच्चारीत नाही. डॉक्टर हेस ग्रीन हा श्रीमंत, विद्वान मानववंशशास्त्रज्ञ; त्याचा खचलेला मदतनीस त्याला एका प्राचीन आफ्रिकी खंजिराने भोसकतो आणि मग स्वतःला गोळी घालून घेतो. हेस मरत नाही. तो उठतो, आणि न्हाणीघरातील फरशीवर सांडलेले रक्त वाकून चाटू लागतो. त्या मदतनिसाचे काम गनने स्वतःच केले आहे. पुढे त्या मदतनिसाची बायको, गांजा तिचे नाव, नवऱ्याच्या शोधात येते आणि हेसची सहचरी होऊन बसते. मोठी हवेली, मोटार, उंची कपडे, आणि दवाखान्यातून चोरलेल्या रक्ताच्या पिशव्या. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे व्यसन किती सभ्य दिसते, हे गनने येथे जे दाखविले आहे ते मला इतरत्र कुठेच आढळले नाही. अखेरीस हेस चर्चमध्ये जातो, भजनाच्या कल्लोळात गुडघे टेकतो, घरी येऊन क्रुसाच्या सावलीत मरण पत्करतो. गांजा मरत नाही. तिला जगावयाचे आहे, तहानेसकट.

कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात या चित्रपटाचा गौरव झाला. न्यूयॉर्कमध्ये तो थोडेच दिवस चालला. निर्मात्यांनी तो विकून टाकला, नव्या मालकांनी त्याची काटछाट करून, नावे बदलून, सवंग भयपट म्हणून तो फिरविला. गनने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला एक जळजळीत पत्र लिहिले. १९८९ मध्ये तो वारला. मूळ प्रत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने जपून ठेवली होती म्हणून ती वाचली, आणि २०१४ मध्ये स्पाइक लीने तीच कथा पुन्हा चित्रित केली. नवी आवृत्ती पाहून जुनीची थोरवी अधिकच पटते.

जॉर्ज रोमेरोचा 'मार्टिन' हा १९७७ चा चित्रपट उलट दिशेने जातो. पेनसिल्व्हानियातील ब्रॅडक हे कार्नेगीच्या पोलादाने उभे केलेले आणि पोलादाबरोबरच ओस पडलेले गाव. तेथे एक घुमा पोरगा येतो. त्याला सुळे नाहीत, जादू नाही. त्याच्याजवळ गुंगीच्या औषधाची पिचकारी आणि दाढीचे पाते आहे. तो पिशाच्च आहे की नुसताच आजारी, हे रोमेरो सांगत नाही. म्हातारा नातेवाईक मात्र लसूण आणि क्रूस घेऊन त्याच्या मागे लागलेला आहे, कारण त्याला आजारी माणूस नको आहे, सैतान हवा आहे. या म्हाताऱ्याची जात आपल्याकडेही ओळखीची आहे.

१९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, आणि रक्त, सुई आणि संसर्ग हे शब्द एकदम घरगुती झाले. आपल्याकडेही त्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुण पोरांत गर्द शिरली. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले ते त्याच धक्क्यातून. अमेरिकेत १९८७ साली कॅथरिन बिगेलोने 'निअर डार्क' काढला. त्यात एक शेतकऱ्याचा पोर पिशाच्चांच्या टोळीत सापडतो. त्याला मारवत नाही. म्हणून एक मुलगी आपले मनगट चावून त्याला पाजते. बसच्या थांब्यावर तलफेने कळवळणारा तो पोर ज्याने पाहिला, तो तेवढ्यावरून सारे समजतो. शेवटी बाप आपले रक्त देतो आणि मुलगा सकाळच्या उन्हात बरा होऊन उभा राहतो. इतका सोपा उतारा कुणाही बापाला आवडेल; तो खोटा आहे हेही बापांनाच ठाऊक.

खोटा उतारा न देणारा चित्रपट म्हणजे १९९५ चा आबेल फेरारा याचा 'द ॲडिक्शन'. नावच 'व्यसन'. न्यूयॉर्क, काळेपांढरे चित्रण, आणि नायिका तत्त्वज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी कॅथलीन. व्हिएतनाममधील १९६८ च्या माय लाय हत्याकांडाची छायाचित्रे वर्गात पाहून ती बाहेर पडते आणि अंधाऱ्या गल्लीत एक बाई तिला गाठते. ती बाई तिला आधी एक संधी देते: मला जा म्हणून सांग, अगदी ठामपणे सांग. कॅथलीनला ते सांगवत नाही. ती गयावया करते. पुढे कॅथलीन आपल्या सावजांना हेच म्हणते, आणि तेही गयावयाच करतात. उंबऱ्यावर बोलावल्याशिवाय आत न येण्याची स्टोकरची जुनी अट फेराराने अशी उलटी करून घेतली आहे, आणि हेच या चित्रपटाचे मर्म. पहिल्या खेपेस कॅथलीन कुणाचा गळाही धरीत नाही. रस्त्यावर झोपलेल्या एका बेघर माणसाचे रक्त ती पिचकारीने काढून आपल्या दंडात टोचून घेते. फेरारा स्वतः वर्षानुवर्षे हेरॉइनच्या फेऱ्यात होता, पुढे त्यातून सुटला. पटकथाकार निकोलस सेंट जॉन हा श्रद्धाळू कॅथलिक. त्यामुळे चित्रपटात सुई एकाची आणि क्रूस दुसऱ्याचा, अशी विभागणी झालेली दिसते.

मध्येच कॅथलीनला पीना नावाचा एक जुना जाणता पिशाच्च भेटतो. ते काम क्रिस्टोफर वॉकेनने केले आहे. हा गृहस्थ वर्षानुवर्षे उपास करून तहान काबूत ठेवल्याची फुशारकी मारतो, माणसांत माणूस म्हणून खपतो, विल्यम बरोज वाचण्याची शिफारस करतो, आणि हे सारे ऐकवीत असताना कॅथलीनचेच रक्त पिऊन तिला तळमळत टाकतो. मी केव्हाच सोडली म्हणून सांगणारे आणि बोलता बोलता दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावणारे असे सद्गृहस्थ कुणी पाहिले नाहीत? चित्रपटात नीत्शे, किर्केगार्ड वगैरे मंडळींची नावे फार फेकली जातात आणि माणसाच्या व्यक्तिगत व्यसनाला थेट ज्यूंच्या संहाराच्या शेजारी नेऊन बसविले जाते. हे मला पटत नाही. सुईच्या गुलामाला छळछावणीच्या अधिकाऱ्याच्या पंक्तीला बसविणे हा त्या गुलामावर अन्याय, आणि छावणीत मेलेल्यांवरही.

या रूपकाचा मोठा धोका हाच आहे. पिशाच्च जगते ते दुसऱ्याला मारून. खरा व्यसनी बहुधा आधी मारतो तो स्वतःला. घरच्यांना तो पिळतो, नागवतो, रडवतो, पण म्हणून तो खुंटी ठोकण्याच्या लायकीचा होत नाही. पिशाच्च पाहण्याची सवय लागलेले प्रेक्षक खऱ्या माणसाकडेही तसेच पाहू लागले, तर उपचाराआधी लसूण शोधला जाईल. चांगले दिग्दर्शक हे जाणून होते. म्हणूनच २००९ च्या 'थर्स्ट' या कोरियन चित्रपटात पार्क चान-वूकचा पाद्री, लशीच्या प्रयोगासाठी स्वतःचा देह देऊन आणि भरलेल्या रक्तातून पिशाच्च होऊन परतलेला, कुणाचा जीव न घेता बेशुद्ध रुग्णाच्या नळीतून गुपचूप घोट घेतो आणि स्वतःची समजूत घालीत राहतो. झोलाच्या एका जुन्या फ्रेंच कादंबरीचे हाड त्या कथेला आहे. आणि म्हणूनच २०१४ मध्ये अ‍ॅना लिली अमीरपूरने आपल्या फारसी बोलपटात पिशाच्च आणि व्यसनी ही दोन माणसेच वेगळी केली: बुरख्यातली मुलगी रक्त पिते, आणि तरुण नायकाचा म्हातारा बाप हेरॉइन टोचून घेतो. दोघांत अधिक भीषण कोण, हे पाहणाऱ्याने ठरवावे. मला तरी त्या बापाच्या खोलीत जाण्यापेक्षा तिच्या गल्लीतून जाणे परवडेल.

अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, रेनफील्डचेही नशीब उघडले. स्टोकरचा माशा खाणारा तोच वेडा, त्याच्याच नावाच्या एका धांगडधिंग्याच्या विनोदी चित्रपटात न्यू ऑर्लीन्स शहरी धन्याची चाकरी करतो आहे. चित्रपट फारसा चालला नाही, आणि त्यात हाणामारी इतकी आहे की दुसऱ्या अर्ध्या तासात डोके दुखू लागते. परंतु त्यातला रेनफील्ड एका आधारगटाच्या बैठकीला जाऊन बसतो. जुलमी माणसाच्या पाशातून सुटू न शकणारी माणसे तेथे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून आपापले सांगतात. त्यांना छळणाऱ्यांचा माग काढावा आणि त्यांनाच धन्याच्या ताटात वाढावे, हा त्याचा मूळचा बेत. पण ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात येते, की दुसऱ्याच्या तोंडून आपण आपलीच हकिकत ऐकतो आहोत. त्या खुर्चीपर्यंत यावयाला त्याला एकशे सव्वीस वर्षे लागली.